लोटाचे जावई

फाटकवाल्यांना देवाने एकच चेहरा दिला होता आणि तो त्यांनी जन्मभर जपून वापरला. लग्नाच्या फोटोत जो आहे, तोच मुलगी झाली त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर होता आणि दाढ काढतानाही तोच. "दुखलं तर हात वर करा," दातांचे डॉक्टर म्हणाले होते. फाटकवाल्यांनी हात वर केला. डॉक्टरांनी आधी हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर विश्वास ठेवून काम पुढे चालू ठेवलं.

असल्या चेहऱ्याने माणूस काहीही बोलला तरी ऐकणाऱ्याला हसू येतं. त्यात फाटकवाल्यांचा दोष नव्हता, निदान सुरुवातीला तरी नव्हता. पण लोक हसतात म्हटल्यावर चटक लागायला कितीसा वेळ लागतो? तिशी ओलांडेपर्यंत ते ठरवून बोलू लागले होते आणि चाळिशीत त्यांच्या घरात एक अलिखित नियम झाला: बाबा गंभीरपणे बोलतायत म्हणजे थट्टा करतायत.

नोकरी रेल्वेच्या फाटकावर. वस्ती एका बाजूला, गिरणी दुसऱ्या बाजूला, मधून रूळ. रुळांच्या कडेला त्यांची केबिन. आत एक टेबल, एक टेलिफोन, बूड झिजलेलं स्टूल आणि खुंटीला लाल-हिरवे बावटे. स्टेशनातून फोन आला की ते बाहेर येऊन चाक फिरवायचे, दांडा खाली यायचा, घंटी सुरू व्हायची आणि त्याच क्षणी वस्तीतल्या यच्चयावत माणसांना पलीकडे निकडीचं काम निघायचं. सायकलवाले सायकल आडवी करून दांड्याखालून ओढायचे. बायका पिशव्या आधी ढकलायच्या, मग स्वतः वाकायच्या.

फाटकवाले ओरडत नसत. ते शांतपणे म्हणत, "सावकाश. गाडीला घाई नाही, ती तुमच्यासाठी थांबणार नाही एवढंच." किंवा, "घरचा पत्ता ठेवून जाता का? नंतर शोधाशोध होते." लोक खो खो हसायचे आणि हसत हसत वाकून पलीकडे जायचे. हसले म्हणजे ऐकलं असं नव्हे, हे फाटकवाल्यांच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. आपलं बोलणं लोकांना आवडतं, एवढंच त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी ते चर्चच्या मागच्या खोलीत संडे स्कूल घेत. विषय ठरलेला: देवाने बजावलं आणि ज्यांनी ऐकलं नाही, ती मंडळी. पवित्र शास्त्रात अशांची वानवा नाही. फाटकवाल्यांना ती सगळी जवळची वाटत, कारण तीच माणसं ते आठवडाभर दांड्याखालून जाताना बघत.

"नोहाचा शेजारी," ते सांगत, आणि मुलं आधीच बाकावर सरसावून बसत. "नोहाचं जहाज बांधणं चाललंय. वर्षानुवर्षं ठोकाठोकी. शेजाऱ्याला सांगितलं, बाबा रे, पूर येणार आहे. शेजाऱ्याची तक्रार काय? तर दुपारची झोप होत नाही. एक दिवस घर रंगवायला म्हणून तो नोहाची शिडी घेऊन गेला. पाऊस आला तेव्हा शिडी त्याच्याकडेच होती. आता मला सांगा, उपयोग झाला का?"

"नाही," मुलं ओरडत.

"पहिल्या दिवशी झाला."

मग मिसरचा राजा फारो. देशभर बेडूक झालेत, अंथरुणात बेडूक, पीठ मळायच्या परातीत बेडूक. देवाचा संदेष्टा मोशे विचारतो, कधी घालवू? आणि फारो म्हणतो, उद्या. "आज नाही म्हणाला," फाटकवाले सांगत. "आणखी एक रात्र बेडकांबरोबर काढायची तयारी. राजा माणूस."

एका वर्षी परीक्षेत सगळ्या मुलांनी नोहाच्या शिडीबद्दल लिहिलं, तेव्हा पाळकसाहेबांनी फाटकवाल्यांना बोलावून घेतलं.

"शास्त्रात शिडी कुठे आहे?"

"याकोबाच्या स्वप्नात आहे, साहेब."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. या माणसाला रागवावं कसं, हे त्यांना इतक्या वर्षांत जमलेलं नव्हतं.

पण या सगळ्यांत गाजलेला खेळ लोटाच्या जावयांचा. शास्त्रात तो जेमतेम एका ओळीचा आहे. सदोम नगराचा नाश होणार, तुझी जी माणसं असतील ती घेऊन बाहेर पड, असं देवदूत लोटाला सांगतात. लोट जावयांकडे जातो, उठा म्हणतो, निघा म्हणतो. आणि जावयांना वाटतं, सासरा थट्टा करतोय. संपलं. या एका ओळीचा फाटकवाल्यांनी चांगला ऐसपैस तमाशा उभा केला होता. लोटही तेच, जावईही तेच. जावई म्हणून ते बाकावर आडवे व्हायचे, पायावर पाय टाकायचे.

"सासरेबुवा, आज काय घेतलंत?"

मग उठून लोट. "अहो नाही हो, खरंच सांगतोय."

परत आडवे. "मागच्या वेळीसुद्धा खरंच सांगत होतात."

"आग पडणार आहे वरून."

"पडू द्या. सकाळी बघू. ती उशी सरकवा जरा."

इथे ते उठून बसत आणि मुलांकडे बघून म्हणत, "सकाळी बघायला ते नव्हते." मुलांची हसून हसून पुरेवाट व्हायची.

फाटकवाल्यांचा खरा जावई याच खेळावर भाळून घरात आला. हा चष्म्याच्या दुकानात काम करणारा गोरागोमटा, हसरा माणूस. मुलगी त्याला पहिल्यांदा चर्चमध्ये घेऊन आली, त्या रविवारी नेमके लोटाचे जावई चालू होते. तो मागच्या बाकावर इतका हसला की त्याला बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. लग्नानंतर जावयाची भूमिका ओघानेच त्याच्याकडे आली. पाहुणे आले की कोणीतरी म्हणायचं, तुमचा तो लोट होऊन जाऊ दे, आणि सासरा-जावई सुरू व्हायचे. जावयाला सगळी वाक्यं तोंडपाठ.

जावयाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी. ती गॅलरी बघूनच त्याने घर भाड्याने घेतलं होतं. संध्याकाळी तिथे ऊन तिरपं येई आणि त्या उन्हात कोणीही उभं राहिलं तरी देखणं दिसे. नातीचा पहिला वाढदिवस जवळ आला होता, आणि सगळ्या नातेवाइकांना त्या गॅलरीत उभं करून एक फोटो काढायचा, हे जावयाने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात फाटकवाले त्या गॅलरीत चहा पीत बसले होते. वरून चुन्याचा एक पोपडा सुटला आणि नेमका कपात पडला. त्यांनी बोटाने पोपडा काढला आणि चहा पिऊन टाकला. यात बजावण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटलं नाही. मग नात रांगत आली आणि तिने आपला लाल चेंडू जमिनीवर ठेवला. चेंडू आपोआप कठड्याकडे निघाला. फाटकवाल्यांनी तो उचलून भिंतीशी ठेवला. पुन्हा तेच. मग त्यांनी भांड्यातलं पाणी थोडं सांडून बघितलं. पाणी जायची मोरी आतल्या भिंतीला होती. पाणी मोरीकडे पाठ करून बाहेर चाललं.

नातीला कडेवर घेऊन ते आत आले आणि बराच वेळ तिला खाली ठेवेनात.

देव प्रत्येकाशी त्याच्या ऐपतीप्रमाणे बोलतो, हे ते मुलांना नेहमी सांगत. फारोला अख्खी नदी लाल करून दाखवली. बलामासाठी गाढवाला वाचा दिली, कारण बलाम मोठा नावाजलेला माणूस. रेल्वेच्या फाटकवाल्याला चेंडू पुरेसा होता. शिवाय आधी चहात पोपडा टाकून झाला होता. तो यांनी काढून चहा पिऊन टाकला, त्याला देव काय करणार?

ते आधी घरमालकाकडे गेले. घरमालक लहानपणी त्यांच्याच संडे स्कूलमध्ये होता. "काका, गॅलरी पडणार?" तो म्हणाला आणि पोट धरून हसला. "आत्ताच रंग दिलाय हो तिला." त्याने बायकोला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, "काका, हिच्यासाठी परत एकदा म्हणा."

शनिवारी कामावरून सुटून, अंगावर रेल्वेचा गणवेश तसाच, ते जावयाच्या दारात उभे राहिले. मुलगी फुगे फुगवत होती. जावई दिवाणावर बसून रंगीत कागदाच्या पट्ट्या कापत होता.

"जावईबापू," फाटकवाले म्हणाले, "ती गॅलरी पडणार आहे. उद्या तिथे कोणाला जाऊ देऊ नका. आणि जमलं तर हे घरच सोडा."

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. गणवेश, दारातली ती उभं राहण्याची पद्धत, तो चेहरा. त्याने कात्री बाजूला ठेवली, दिवाणावर आडवा झाला, पायावर पाय टाकला.

"सासरेबुवा, आज काय घेतलंत?"

मुलगी फुगा सोडून टाळ्या वाजवायला लागली.

"अहो नाही हो," फाटकवाले म्हणाले, "खरंच सांगतोय." आणि बोलता बोलताच त्यांच्या ध्यानात आलं की हेच तर लोटाचं वाक्य.

"मागच्या वेळीसुद्धा खरंच सांगत होतात."

"मागच्या वेळी ते नाटक होतं. चेंडू ठेवून बघा. बाहेर चाललाय चेंडू."

"हे नवीन आहे," जावई मुलीला म्हणाला. "बाबांनी भर घातली बरं का त्यात." आणि मग ठरलेल्या आवाजात, "सकाळी बघू. ती उशी सरकवा जरा."

फाटकवाल्यांनी उशी सरकवली. दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं. या घरात थट्टा कुठली आणि खरं कुठलं, हे ओळखणारी ती एकटीच. तिची युक्ती साधी होती: नवऱ्याच्या चेहऱ्याकडे ती बघतच नसे.

"अहो, पण तुम्ही सांगितलंत कसं?"

"सांगितलं. नेहमीसारखं."

"तेच तर. जरा आवाज चढवायचा. डोळ्यांत पाणी आणायचं. माणसं कशी सांगतात?"

फाटकवाल्यांनी मोरीवरच्या आरशासमोर उभं राहून गंभीर चेहरा करून बघितला. मग काळजीचा. मग घाबरलेला. बायकोने मागून डोकावून पाहिलं.

"सुरू करा की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं लवकरच गेले. बायकोने मुलीला बाजूला घेऊन सांगून बघितलं. मुलगी म्हणाली, "आई, तुलाही सामील करून घेतलं का बाबांनी?" पाहुणे जमले. जावयाकडचे काका, दोन आत्या, दुकानातले सोबती, खालच्या मजल्यावरचं कुटुंब, पाळकसाहेब. केक कापला, नातीने त्यात हात घातला, सगळं रीतसर झालं. ऊन तिरपं झालं तसा जावई उठला आणि त्याने दोन्ही हात उंचावून हाळी दिली. "चला, चला, सगळे गॅलरीत. फोटो."

फाटकवाले तोवर गॅलरीच्या दारात हात आडवा धरून उभे होते. आत्याबाई त्यांच्यापाशी येऊन थांबल्या, हसल्या, आणि वाकून त्यांच्या हाताखालून जायला लागल्या. थेट फाटकासारखं. फाटकवाल्यांनी हात खाली केला.

"फाटक बंद आहे," ते म्हणाले.

खोलीभर हशा पिकला. मागचे पुढे सरकले. कोणीतरी म्हणालं, "गाडी कुठली येतेय?" फाटकवाल्यांनी खांद्यावरच्या पिशवीत हात घातला. पिशवीत ड्यूटीचा लाल बावटा गुंडाळलेला होता. मनुष्य बुडताना काडी धरतो तसा त्यांनी तो धरला, उलगडला आणि दाराच्या चौकटीत आडवा ताणून उभे राहिले. विनोद म्हणून नाही. त्यांच्याजवळ असलेली ही शेवटची वस्तू होती.

"हालू नका," जावई ओरडला. "बाबा, असेच थांबा. सगळे बाबांच्या पुढे या. इथेच, आतच. काय फोटो येईल हा."

अशा रीतीने अख्खं घर, पाळकसाहेबांसकट, गॅलरीच्या दारासमोर आतल्या बाजूला दाटीवाटीने उभं राहिलं. फोटोत सगळे तोंडभर हसतायत. मधोमध लाल बावटा आणि त्यावर तो चेहरा. एकाचाही त्यांच्या बोलण्यावर विश्वास नव्हता, आणि एकानेही गॅलरीत पाऊल टाकलं नाही. फोटो निघेपर्यंत ऊन गेलं, खायच्या बशा फिरल्या, आणि गॅलरीची गोष्ट मागे पडली.

रात्री घरी आल्यावर फाटकवाल्यांनी बावटा घडी घालून ठेवला. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, "पडली नाही."

"मग बरंच झालं की."

"बरंच झालं," ते म्हणाले. नाश होणार असं आपण बजावलेलं निनवे नगर वाचलं म्हणून रुसून बसलेला योना त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजला.

मंगळवारी सकाळी जावई गॅलरीत उभा राहून दात घासत होता. आतून मुलीने हाक मारली की जरा हिला धरा, दूध उतू जातंय. तो पटकन आत आला. घाईत एक चप्पल पायात राहिली, एक गॅलरीत. नातीला त्याने उचललं आणि मागे काहीतरी बसल्यासारखा आवाज झाला. वळून पाहिलं तर दारापलीकडे गॅलरी नव्हती. समोरच्या इमारतीच्या खिडक्या होत्या, नेहमीपेक्षा जवळ दिसणाऱ्या. खाली त्याची स्कूटर होती, ती आता स्कूटर म्हणण्यासारखी राहिली नव्हती. खालच्यांचं पत्र्याचं छप्पर वाकलं होतं. माणसाला कोणाला लागलं नाही.

दुपारी जावई फाटकावर आला. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात शेजाऱ्याची. केबिनमध्ये येऊन तो स्टुलावर बसला आणि कितीतरी वेळ टेलिफोनकडे बघत राहिला. फाटकवाल्यांना सगळं आधीच कळलं होतं. त्यांनी चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि सांडेल म्हणून आपला हात खाली धरून ठेवला.

"तुम्ही नीट सांगायला हवं होतं, बाबा," जावई शेवटी म्हणाला.

"सांगितलं की."

"सांगितलंत. पण नीट नाही."

"मी हसत होतो का?"

"तेच म्हणतोय मी. हसत सांगितलं असतंत तर कळलं असतं, काहीतरी बिनसलंय म्हणून."

तेवढ्यात फोन वाजला, ते उठून चाक फिरवायला गेले, आणि दांडा खाली जाताना बघून जावई स्टुलावरून उठून दोन पावलं मागे सरकला. तो तर केबिनच्या आत होता.

मुलगी, जावई आणि नात फाटकवाल्यांच्या घरी राहायला आले. घर भरलं. नात दिवसभर चेंडू घेऊन फिरायची आणि चेंडू जिथे ठेवावा तिथे राहायचा, याचं फाटकवाल्यांना फार समाधान होतं. पण बाहेर मात्र वेगळंच सुरू झालं. लोक त्यांचं ऐकायला लागले.

केस कापून घेताना ते न्हाव्याला म्हणाले, "या खुर्चीचं काही खरं नाही." न्हाव्याने त्यांना खाली उतरवून खुर्ची विकून टाकली. पाळकसाहेबांनी एकांतात गाठून विचारलं, "घंटेच्या मनोऱ्याबद्दल तुम्हाला काही... जाणवलंय का?" घरमालक तर त्यांना बघितलं की दुसऱ्या रस्त्याने जायचा. फाटकावर दांडा खाली आला की माणसं पार चार हात मागे उभी राहत, एकही वाकेना. फाटकवाले बोलले, "आज गाडी जरा वेळाने येणार, पाय मोकळे करून या," तर घोळका गंभीरपणे घरी निघून गेला. गाडी गेली, दांडा वर गेला, पलीकडे जायला कोणीच नव्हतं.

"काय झालंय यांना?" ते बायकोला म्हणाले. "एक माणूस हसत नाही."

"तुमचंच म्हणणं होतं ना, लोकांनी ऐकावं?"

"ऐकावं. पण सगळंच?"

शास्त्रातल्या एकाही संदेष्ट्याने विनोद केल्याचं आपल्या वाचनात नाही, हे त्यांच्या मनात आलं. इतके दिवस त्यांना वाटे, ती मंडळी स्वभावाने तशी. आता वाटलं, त्यांनाही आधी विनोद येत असतील. एकदा खरं ठरल्यावर सोडून द्यावे लागले असतील.

पुढे संडे स्कूलमध्ये पाळी लोटाच्या जावयांची आली. जावई मागच्या बाकावर मांडीवर नातीला घेऊन बसला होता. फाटकवाले सवयीने बाकावर आडवे झाले, पायावर पाय टाकला, आणि "सासरेबुवा" म्हणायला तोंड उघडलं. समोर सगळी मुलं डोळे विस्फारून त्यांच्याकडे बघत होती. गॅलरी सगळ्यांनी जाऊन बघितलेली होती. जिथे ती नव्हती, ती जागा बघितलेली होती.

ते उठून बसले. गोष्ट त्यांनी साधीच सांगितली, एका ओळीची आहे तेवढी. लोट गेला, त्यांना उठवू लागला, आणि त्यांना थट्टा वाटली. इतकी वर्षं ही गोष्ट सांगून ती एवढी भयंकर आहे, हे फाटकवाल्यांनी आजच ऐकलं. लोट पहाटेपर्यंत रेंगाळला होता, देवदूतांनी शेवटी त्याचाच हात धरून त्याला बाहेर काढलं, हेही त्यांनी सांगितलं. तो का रेंगाळला असेल, हे शास्त्र सांगत नाही. दाराकडे बघत बसला असेल, जावई येतायत का म्हणून.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"मग जावयांनाही तसंच हात धरून का नाही ओढलं?"

मलाही ठाऊक नाही, असं फाटकवाले कबूल करणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला.

"ओढलं असतं तरी ते आले नसते."

मुलं वळून बघायला लागली.

"तुम्हाला काय माहीत?" मुलीने विचारलं.

"मी होतो तिथे," जावई म्हणाला. "छान आडवा झालो होतो. उशीही मिळाली होती."

मग एक मुलगा फिस्सकन हसला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळी खोली हसायला लागली. मांडीवरची नातसुद्धा काही न कळून हसली. फाटकवाल्यांनी मागच्या बाकाकडे निरखून पाहिलं. जावयाच्या चेहऱ्यावरची रेषही हललेली नव्हती. तो थट्टा करत होता की खरंच सांगत होता, हे फाटकवाल्यांना काही केल्या ओळखता येईना.